उणे अंशांची नोकरी

थंड प्रदेशात राहायला गेलं की थंडी वाजते, असा एक सर्वसाधारण गैरसमज आहे. थंडी वाजायला जरा निवांतपणा लागतो. अंग चोरून, हात चोळत, ‘काय गारठा पडलाय’ म्हणत कुठेतरी बसावं लागतं. उत्तरेकडच्या छोट्या गावात उणे तीस अंशांत एवढी सवड कोणालाच नसते. तिथे थंडी हे काम असतं. सकाळी उठून हजेरी लावायची, दिवसभर ते निपटायचं आणि रात्री नळाला बारीक धार सोडून झोपायचं. धार सोडली नाही तर पाइपातलं पाणी गोठतं, गोठताना फुगतं आणि पाइप फोडून मोकळं होतं. पगार नाही, रजा नाही, आणि हाताखाली माणूस तर नाहीच.

मी उकाड्यात वाढलेला माणूस. आमच्या शहरात ऋतू दोनच, पंखा दोनवर आणि पंखा पाचवर. त्यामुळे बदली झाली तेव्हा सगळ्यांनी माझं अभिनंदन केलं. घामाची कटकट गेली, रंग उजळेल, भूक चांगली लागेल वगैरे. एका काकांनी हिशेब मांडला, “पंखा नाही, एसी नाही. विजेच्या बिलातच केवढे पैसे वाचतील!” काकांना मी अजून सांगितलेलं नाही की इथे मोटारीलासुद्धा प्लग असतो आणि तो रात्रभर भिंतीत खुपसून ठेवावा लागतो.

हे मलाही आधी खरं वाटलं नव्हतं. गावात उतरलो तर प्रत्येक गाडीच्या नाकातून एक वायर लोंबत होती. मला वाटलं, काय सुधारलेलं गाव आहे, सगळ्या गाड्या विजेवरच्या! तसं काही नव्हतं. साध्या पेट्रोलच्या गाड्या. एवढ्या थंडीत इंजिनातलं ऑइल घट्ट होतं, बॅटरीची ताकद उतरते आणि गाडी सकाळी सुरू व्हायला साफ नकार देते. म्हणून इंजिनात एक हीटर बसवतात. तो रात्रभर इंजिनातलं कूलंट कोमट ठेवतो. अलास्कातलं फेअरबँक्स, कॅनडातलं विनिपेग, असल्या ठिकाणी ऑफिसच्या पार्किंगमध्येही ओळीने सॉकेट असतात. गाडी सुरू झाली म्हणजे जिंकलो, असंही नाही. रात्रभर एका जागी उभे राहिलेले टायर खालून चपटे होऊन तसेच आखडलेले असतात. पहिला काही वेळ गाडी धबधब धबधब करत चौकोनी चाकांवर जाते. रस्त्यावर मीठ टाकलेलं असतं, पण मिठाचीही एक सहनशक्ती असते. उणे दहाच्या खाली ते जवळजवळ निकामी होतं. मग वाळू टाकतात आणि बाकीचं तुमच्यावर सोडतात.

पण या नोकरीतलं खरं मोठं खातं म्हणजे कपडे. कचऱ्याची पिशवी बाहेरच्या पिंपात टाकायची आहे, एवढंच काम. अंतर चार पावलांचं. त्यासाठी आधी अंगाला चिकटणारा लोकरीचा थर. सुती चालत नाही, कारण सुती कापड घाम पिऊन बसतं आणि तोच घाम पुढे गार पडून तुमचा घात करतो. लोकर ओली झाली तरी थोडीफार ऊब धरून ठेवते. त्यावर हवा कोंडून ठेवणारा जाड थर, त्यावर वारा अडवणारा. यात क्रम चुकवून चालत नाही. बुटांच्या आधी जॅकेट चढवलं की कमरेत वाकता येत नाही, आणि मग बुटाची नाडी दिसते पण भेटत नाही. हातमोजे आधी घातले की चेन लावता येत नाही, चेन आधी लावली की किल्ली आतल्या खिशात राहते. टोपी, मफलर, वर पुन्हा जॅकेटचीच टोपी. आरशात पाहिलं तर आत कोण आहे हे डोळ्यांवरूनच ओळखायचं. आणि एवढं सगळं करून बाहेर पाऊल टाकलं, की लघवीला लागते.

हा योगायोग नाही, शरीरशास्त्र आहे. थंडीत कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्त आत सरकतं, आतला दाब वाढतो. मूत्रपिंडांना वाटतं पाणी फार झालं, आणि ती उत्साहाने कामाला लागतात. सगळी इमारत पुन्हा उतरवायची. कचऱ्याची पिशवी दारातच.

हातमोज्यांचा वेगळा उल्लेख करायला हवा. पाच बोटांचे पाच कप्पे असलेले मोजे दिसायला छान, पण खरी ऊब मिळते ती अंगठा वेगळा आणि बाकीची चार बोटं एकाच पिशवीत कोंबणाऱ्या मोज्यांत. बोटं एकत्र राहिली की एकमेकांच्या उबेवर तगतात, प्रत्येकाला स्वतंत्र खोली दिली की सगळीच गारठतात. एकत्र कुटुंबपद्धतीच्या बाजूने इतका बिनतोड पुरावा मी दुसरीकडे पाहिलेला नाही. अर्थात, एकत्र कुटुंबासारखाच यातही काम कोणालाच करता येत नाही. फोन उचलता येत नाही, नाक पुसता येत नाही. फोनचं तसंही काही खरं नसतं. खिशातून काढला तेव्हा बॅटरी निम्मी असते, कानाला लावेपर्यंत तो गतप्राण. थंडीत बॅटरीतली रासायनिक हालचाल मंदावते. इथली माणसं तान्ह्या बाळाला धरावं तसा फोन छातीशी धरून हिंडतात.

मी चष्मा लावतो, हे मी या गावाला आधी कळवायला हवं होतं. बाहेरून आत शिरलं की गार काचेवर आतली सगळी वाफ येऊन बसते आणि पुढची काही मिनिटं जग पांढरं होतं. चष्मा काढला तर दिसत नाही, ठेवला तरी दिसत नाही. याच अवस्थेत मी एका कार्यालयात शिरलो, समोर उंच, सडसडीत गृहस्थ कोट घालून उभे होते. त्यांना अदबीने नमस्कार केला, हवापाण्यावर दोन वाक्यं बोललो. ते काही बोलले नाहीत. इकडची माणसं मितभाषी असतात असं ऐकलं होतंच. काच निवळली तेव्हा दिसलं की तो कोट टांगायचा खांब आहे. खांबामागच्या बाईंनी मात्र सगळं शांतपणे ऐकून घेतलं होतं. त्या म्हणाल्या, “बरोबर आहे तुमचं, आज वारा नाही.”

वारा नाही! हे या गावाचं सुखाचं परिमाण आहे. तापमापक उणे पंचवीस दाखवत असतो आणि शेजारचे आजोबा जॅकेटची चेन उघडी ठेवून अंगणात उभे असतात.

“काय आजोबा, थंडी आहे ना?”

“छे, आज बरं आहे. वारा कुठाय?”

वारा असला की त्यांचं दुसरं वाक्य तयार असतं: “पण कोरडी थंडी आहे ना, बाधत नाही.” नाकातले केस एका श्वासात गोठून ताठ झालेत, पापण्यांना बर्फ धरलाय, आणि हे गृहस्थ मला थंडी कोरडी असल्याबद्दल आनंद मानायला सांगतात.

वाऱ्याचं हे प्रकरण अगदीच मनाचं नाही. इथे हवामान सांगताना दोन आकडे सांगतात, एक खरा आणि एक जाणवणारा. याचं मूळ अंटार्क्टिकात आहे. पॉल सायपल आणि चार्ल्स पासेल या दोघांनी १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे पाण्याची प्लास्टिकची बाटली वाऱ्यात टांगून ते गोठायला किती वेळ लागतो हे मोजलं. माणूस टांगला नाही हे त्यांचे उपकार. २००१ मध्ये अमेरिका आणि कॅनडाने नवं सूत्र घेतलं, त्यात माणसाच्या चेहऱ्याचा हिशेब आहे. जाणवणारा आकडा उणे चाळीसच्या खाली गेला की उघडी कातडी दहा मिनिटांच्या आत गोठू शकते. आजोबांच्या मते दहा मिनिटं भरपूर झाली.

उणे चाळीसचं एक बरं असतं. सेल्सिअस आणि फॅरनहाइट यांचं आयुष्यात फक्त याच आकड्यावर एकमत होतं. त्यामुळे कुठल्याही देशातल्या नातेवाइकाला तापमान सांगितलं की “म्हणजे आमच्यातलं किती?” हा प्रश्न येत नाही. नुसती शांतता पसरते.

कोरडेपणाबद्दल मात्र आजोबांचं म्हणणं शब्दशः खरं. तीस अंशांची दमट हवा घनमीटरमागे सुमारे तीस ग्रॅम वाफ बाळगू शकते. उणे तीसची हवा अर्धा ग्रॅमही नाही. तीच हवा घरात आणून तापवली की ती पाण्यासाठी वखवखते आणि समोर जो सापडेल त्याला शोषते. समोर मी असतो. ओठ फुटतात, टाचा चिरतात, केस हवेत उभे राहतात. दाराच्या मुठीला हात लावला की चटका बसतो, बायकोला हात लावला की दोघांनाही बसतो. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर आमच्यात अशी ठिणगी पडेल असं वाटलं नव्हतं. आता आम्ही एकमेकांना काही द्यायचं असेल तर टेबलावर ठेवतो.

चालायचं कसं हे मला इथे नव्याने शिकावं लागलं. पाऊल सपाट टाकायचं, गुडघे सैल, भार पुढच्या पायावर, हात खिशाबाहेर. थोडक्यात पेंग्विनच्या चालीने. फार गारठा असला की पावलाखाली बर्फ करकर वाजतो, तो भरवशाचा. जिथे काही वाजत नाही आणि रस्ता नुसता ओला दिसतो, तिथे जपायचं. तिथे बर्फाचा पारदर्शक पापुद्रा असतो आणि सहसा त्याच्या बरोबर समोर बसथांब्यावर प्रेक्षक असतात.

दिवस अगदी छोटा असतो, पण तक्रार करायची सोय नाही. अलास्काच्या टोकाला उत्कियाग्विक गावात नोव्हेंबरच्या मध्याला मावळलेला सूर्य जवळपास ६५ दिवसांनी, जानेवारीच्या उत्तरार्धात उगवतो. आमच्याकडे तो निदान रोज तोंड दाखवून जातो.

आणि मग फावडं. बर्फ पडताना सुंदर दिसतो, यावर माझा अजूनही आक्षेप नाही. पडल्यावर तो उचलावा लागतो. भल्या पहाटे अंधारात, वर सांगितलेले सगळे थर चढवून, फाटकापासून गॅरेजपर्यंत. उचलायचा, वळायचा, फेकायचा. पाठ म्हणते वाकू नको, गुडघ्यातून बस. गुडघे म्हणतात, आम्हाला मध्ये घेऊ नका. घाम फुटतो. ज्या घामापासून सुटका म्हणून सगळ्यांनी अभिनंदन केलं होतं, तोच घाम. तासाभराने रस्ता स्वच्छ होतो, आपण कमरेवर हात ठेवून समाधानाने बघतो, आणि त्याच क्षणी कोपऱ्यावरून नगरपालिकेचा बर्फ ढकलणारा ट्रक येतो. तो मोठा रस्ता साफ करत जातो आणि सगळा बर्फ आमच्या फाटकासमोर बांध घालून जातो. हा बर्फ साधा नसतो. दाबलेला, मीठमाती मिसळलेला, ढेकळांचा. चालक हात हलवतो. आपणही हलवतो. गाव छोटं आहे, संबंध बिघडवून चालत नाही.

पहिल्या वेळी मी त्या बांधाकडे नुसता बघत उभा राहिलो, तेव्हा आजोबा फावडं घेऊन आले आणि काही न बोलता माझा निम्मा बांध फोडून गेले. जाताना एवढंच म्हणाले, “ट्रक गेल्यावर उपसायला या हो. आधी येऊन काय उपयोग?” त्यांचं वय मी विचारलेलं नाही. उत्तर ऐकायची तयारी नाही.

अशा ठिकाणी वसंताची वाट बघण्यावर लोक पैसे लावतात, यात मला आता नवल वाटत नाही. अलास्कात नेनाना गावी १९१७ पासून पैज लागते. गोठलेल्या तानाना नदीवर एक लाकडी सांगाडा उभा करतात आणि बर्फ फुटून तो कोणत्या दिवशी, किती वाजून किती मिनिटांनी हलेल हे ओळखायचं. बहुधा एप्रिलअखेर किंवा मे महिन्यात हलतो. मे! पंखा पाचवर जाण्याचा महिना.

परवा मामेभावाचा फोन आला. त्याला डिसेंबरात सहकुटुंब यायचंय. “दादा, मुलांना बर्फ बघायचाय. थंडीची तू काळजी करू नकोस, माझ्याकडे एक जाड स्वेटर आहे.” मी म्हटलं, आण, दुसऱ्या थराला चालेल. मग त्याने विचारलं, “तिकडे करायला काय काय आहे रे? आम्ही नुसते घरात बसून राहणार नाही हं.”

मी लगेच बाजारात गेलो. नवं फावडं घेऊन आलोय. ॲल्युमिनियमचं आहे, मुठीला रबर आहे, आणि मुलांच्या मापाची दोन छोटीही मिळाली.