पिकवेल तोच विकेल: युनियन स्क्वेअरच्या लेखावरील प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

न्यूयॉर्कच्या युनियन स्क्वेअरमधल्या शेतकरी बाजारावरचा माझा लेख तुम्हाला पटला नाही. तुमचं म्हणणं असं, की हे श्रीमंतांचे चोचले आहेत, तिथला टोमॅटो गरिबाला परवडत नाही, चौक सुधारला की भाडी वाढून जुनी माणसं बाहेर फेकली जातात, आणि आपल्याकडे आठवडी बाजार असताना अमेरिकेचे गोडवे कशाला? तुमच्या गावातही चौकाच्या सुशोभीकरणासाठी भाजीवाल्यांना उठवताहेत, हे वाचल्यावर तुमचा राग कुठून आलाय ते कळलं.

आधी भाड्यांचं. तुमचं बरोबर आहे, ते माझ्या लेखात यायला हवं होतं. १९८७ साली चौकाच्या पूर्वेला महागड्या घरांचे झेकेनडॉर्फ टॉवर्स उभे राहिले, आणि आज हातावर पोट असलेल्या माणसाला त्या भागात घर मिळणं अवघड आहे. पण क्रम बघा. १९७६ साली बॅरी बेनेपी आणि बॉब लुईस या नगररचनाकारांनी तिथे शेतकऱ्यांना आणलं, तेव्हा चौकातल्या बागेत गर्दुल्ल्यांचा वावर होता, लोक आत पाऊल टाकायला बिचकत. बागेचं नूतनीकरण सुरू झालं ते ऐंशीच्या दशकात. शेतकरी आधी आले, फरशी नंतर बसली. तुमच्या गावात नेमकं उलटं चाललंय.

भाव चढे आहेत, हे मान्य. मीही तिथे सगळी भाजी घेत नाही. मात्र सरकारी अन्नसाहाय्याचं कार्ड तिथे चालतं, आणि कमी उत्पन्नाच्या लोकांना शहराच्या आरोग्य खात्याची ‘हेल्थ बक्स’ नावाची कूपनं मिळतात, ती फक्त ताजी फळं-भाज्या घेण्यासाठीच. हे पुरेसं आहे असं मी म्हणत नाही.

मला त्या बाजाराचं अप्रूप आहे ते एका नियमामुळे. पिकवेल तोच विकेल. हंट्स पॉइंटच्या घाऊक बाजारातून पेटी उचलून इथे मांडता येत नाही. टेबलावर दिसतंय ते खरंच शेतात उभं आहे का, हे पाहायला तपासनीस बांधावर जातात. गेल्या जुलैत एका शेतकरीणबाईंच्या टेबलावर मला घोळ दिसली. आपलीच घोळ, लालसर देठांची, मुळांना माती तशीच. पावसानंतर टोमॅटोच्या सऱ्यांमध्ये आपोआप उगवते, म्हणाल्या, आणि तुम्ही हिचं काय करता, असं मलाच विचारलं. मुगाची डाळ आणि लसूण घालून परतायची, असं सांगितलं. जुडीचे पैसे थेट त्यांच्या हातात गेले.

हे मला इतकं का लागतं, तेही सांगते. माझे वडील मेथी घेऊन मार्केट यार्डात जायचे. एकदा मी बरोबर होते. दीडशे जुड्या. हमाली वजा, तोलाई वजा, आडत वजा, टेम्पोचं भाडं वजा, आणि हिशेबाच्या पट्टीच्या तळाशी अकरा रुपये. त्यांनी ती पट्टी दोनदा वाचली, घडी करून खिशात ठेवली. घरी आईला एवढंच म्हणाले, भाव पडला होता.

आठवडी बाजाराबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण तिथेही पिकवणारा आणि यार्डातून माल आणून विकणारा शेजारी शेजारी बसतात, गिऱ्हाइकाला कोण कुठला ते कळत नाही. २०१६ साली महाराष्ट्रात फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त झाला आणि संत सावता माळींच्या नावाने शहरांमध्ये शेतकरी आठवडे बाजार भरू लागले. ही वाट आपलीच आहे, अमेरिकेकडून उसनी घ्यायची गरज नाही. ज्यांना उठवलं जातंय त्या भाजीवाल्या माल विकत आणत असतील, तरी त्यांचाही हक्क आहेच. शेतकऱ्याला जागा द्यायची म्हणून त्यांचं पोट मारावं, असं मी कधीच म्हणणार नाही. त्यांच्यासाठी वेगळी रांग आखता येते.

आणि कायदा त्यांच्या बाजूने आहे. २०१४च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कुणालाही हटवता येत नाही, आणि नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचेच असावे लागतात. तुमच्याकडे ही समिती नेमली आहे का? नव्या आराखड्यात ओटे दाखवलेत का, आणि किती? शक्य असेल तर आराखड्याचा फोटो मला पाठवा.