जुनी गिटार घ्यावी की नाही, हे ठरवण्याची योग्य पद्धत

सर्वप्रथम मनाशी पक्कं करा की अजून काहीच ठरलेलं नाही. आगाऊ रक्कम पाठवून झाली असली तरी.

तुम्ही न्यू जर्सीतल्या एडिसनला राहत असा नाहीतर पुण्यातल्या औंधला, गिटार अमेरिकेतल्या एका दुकानात आहे, 1958 सालची गिब्सन ईएस-175 आहे आणि तिचे सगळे फोटो तुम्हाला पाठ झाले आहेत. म्हणजे आता शांतपणे विचार करायला हरकत नाही.

विचाराची सुरुवात इतिहासापासून करावी. किमतीपर्यंत पोचायला तेवढाच उशीर होतो. ही पोकळ अंगाची इलेक्ट्रिक गिटार 1949 साली मिशिगनमधल्या कॅलमझूच्या कारखान्यातून बाजारात आली. नावातला 175 हा तेव्हाच्या किमतीचा आकडा, डॉलरमध्ये. ती काही राजघराण्यातली नव्हे. महागड्या गिटारींचं पोट अखंड लाकूड कोरून काढलेलं असे, हिचं मॅपलचे पातळ थर चिकटवून, साच्यात दाबून केलेलं. यालाच प्लायवुड म्हणतात, पण तो शब्द घरात उच्चारू नका. नुकतंच किचनच्या ट्रॉल्यांचं काम झालं असेल तर मुळीच नको. ‘लॅमिनेटेड मॅपल’ म्हणा.

मग पिकअप, म्हणजे तारांची थरथर पकडून ॲम्पकडे पाठवणारे चुंबकी तुकडे. 1957 पासून हिच्यात गिब्सनचे सेथ लव्हर यांनी तयार केलेले हंबकर, म्हणजे गुणगुण मारणारे दोन वेटोळ्यांचे पिकअप, बसू लागले. पेटंट अजून हातात पडायचं होतं, म्हणून तळाला ‘पेटंटसाठी अर्ज केला आहे’ अशी इवलीशी चिठ्ठी चिकटवलेली असे. पेटंट 1959 साली मिळालं, चिठ्ठी पुढे काही वर्षं तीच राहिली. नंतर चिठ्ठीवर पेटंटचा नंबर आला, तोही भलत्याच वस्तूचा, गिटारवादक लेस पॉल यांनी काढलेल्या, तारा अडकवायच्या पट्टीचा. या गोंधळातली पहिली चिठ्ठी असलेली पिकअपची जोडी आज नुसती सुटी हजारो डॉलरला जाते. त्यामुळे कित्येक ईएस-175 मधून ती उपटून दुसऱ्या, अधिक महाग गिटारीत बसवली गेली. तुमच्या गिटारीत ती जागेवर आहे ना, याची खात्री करा. आवाजात फरक कळतो का, हा प्रश्न स्वतःला विचारू नका.

तपासणीला दोन वस्तू जवळ ठेवा. एक, अल्ट्राव्हायोलेट टॉर्च. अंधाऱ्या खोलीत गिटारीवरचं जुनं नायट्रोसेल्युलोज लॅकर (त्या काळचं पॉलिश) हिरवट-पिवळं उजळतं आणि मागाहून मारलेला हात काळपट डागासारखा उघडा पडतो. दुसरी, दातांच्या डॉक्टरकडे असतो तसला छोटा आरसा. तो एफ-होलमधून, म्हणजे पोटावरच्या f आकाराच्या भोकातून, आत सरकवायचा, श्वास रोखून व्हॉल्यूमच्या पॉटच्या (बटणाखालच्या भागाच्या) पाठीवरचा आकडा उलटा वाचायचा. त्यात वर्ष आणि आठवडा दडलेला असतो. सोल्डरचा थेंबही मूळचाच हवा, त्यावर नवी चकाकी दिसली तर चेहरा पाडा, भाव उतरतो. अंगाला पुन्हा रंग दिलेला असेल तर किंमत साधारण निम्म्यावर येते. थोडक्यात, सातबारा कोरा पाहिजे.

लाकडाचंही बघा. त्या काळचा फ्रेटबोर्ड, म्हणजे बोटं दाबायची पट्टी, ब्राझीलच्या शिसवीचा. ही शिसव 1992 पासून दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय साइट्स कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे कागदपत्रांशिवाय तिला सरहद्द ओलांडता येत नाही. औंधकरांनी इथे जरा बसून घ्यावं. साठच्या दशकाच्या मध्यानंतर गिब्सनने हळूहळू भारतातली शिसव वापरायला घेतली. त्या गिटारींना कागदांचा एवढा जाच नाही, आणि बाजारात मानही नाही. आपल्या मातीतलं लाकूड असल्याची खूण म्हणजे भाव कमी. तेव्हा राष्ट्राभिमान दुकानाबाहेर ठेवून आत जा.

या कसोट्या नामवंत वादकांच्या गिटारींना लावायच्या भानगडीत मात्र पडू नका, नापास होतील. जॅझ गिटारवादक पॅट मेथनीच्या ईएस-175 मध्ये वर्षानुवर्षं एक टूथब्रश खोचलेला होता. दुसरं उदाहरण ब्लूज गाणाऱ्या-वाजवणाऱ्या बी. बी. किंगचं. पोकळ गिटार ॲम्पचा आवाज वाढवला की कोकलू लागते: स्पीकरने तिचं अंग थरथरतं, ती थरथर पिकअपमधून पुन्हा स्पीकरला जाते. यावर इलाज म्हणून गिब्सनने 1958 मध्ये ईएस-335 या दुसऱ्या मॉडेलच्या पोटात मॅपलचा ठोकळा घातला. बी. बी. किंगने एफ-होलमध्ये कापडं कोंबली. हाच माणूस 1949 च्या हिवाळ्यात आर्कान्सामधल्या ट्विस्ट गावी पेटलेल्या डान्स हॉलमध्ये आपल्या गिटारीसाठी परत शिरला होता. किंमत, तीसेक डॉलर. ती मूळ रंगात होती की नाही, हे बघायला तो थांबल्याचं ऐकिवात नाही.

घरी ‘गुंतवणूक’ म्हणायचं. 2008 नंतर जुन्या गिटारींचे भाव कसे गडगडले, हे कुणी विचारलंच तर चहाचं बघायला स्वयंपाकघरात जा.

आता राहिला वाजवण्याचा प्रश्न. वाजवलं की फ्रेट, म्हणजे पट्टीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, झिजतात, झिजले की बदलावे लागतात, बदलले की गिटार ‘ओरिजिनल’ राहत नाही. शिवाय घाम. म्हणून ती केसमध्येच ठेवा, पाहुणे आले की झाकण उघडा आणि आतल्या गुलाबी अस्तराबद्दल बोला. हात लावू का, असं कुणी विचारलं तर हसा.

वाजवायला म्हणून एक साधी, नव्या बनावटीची गिटार घ्या. ती घेताना मात्र अजिबात घाई नको. दोन-चार दुकानं फिरा, तारा बोटांना उंच लागतात का पाहा, फ्रेटच्या कडा टोचतात का ते नेकवरून (गिटारीच्या मानेवरून) हात फिरवून बघा, अर्धा तास बसून वाजवा, आणि दोन हजार कमी केल्याशिवाय उठू नका.