‘कोडला इस्त्री केली आणि वेळा बिघडवल्या’ या अभिप्रायाला आमचे उत्तर

नमस्कार.

आपला अभिप्राय आम्ही बारकाईने वाचला. आपल्या मालवाहतूक कंपनीने पोस्टग्रेस या डेटाबेस प्रोग्रामच्या मूळ कोडमध्ये घातलेली खासगी भर तेराव्या आवृत्तीवरून सोळाव्या आवृत्तीवर आणून नवी बिल्ड (चालवण्याजोगी प्रत) तयार करून देण्याचे काम आमच्याकडे होते. ही बिल्ड सुरू झाल्यावर गाड्या डेपोत पोहोचल्याच्या काही नोंदी साडेतीन तास पुढच्या दिसू लागल्या. आम्ही तारीख-वेळेच्या फायलींमधल्या शेकडो ओळी विनाकारण बदलल्या, हे काम यंत्राने केलेले असूनही त्याची वेगळी रक्कम बिलात लावली, आणि त्या ओळींमुळेच वेळा चुकल्या, अशी आपली तक्रार आहे. नोंदी चुकल्या हे खरे आहे आणि त्यापायी थांबणावळीच्या (गाडी थांबवून ठेवल्याच्या आकाराच्या) हिशेबात आपल्या लोकांना झालेला मनस्ताप आम्ही समजू शकतो. मात्र आपण ज्याकडे बोट दाखवले आहे, त्याचा या साडेतीन तासांशी संबंध नाही. अभिप्राय जाहीर असल्याने उत्तरही जाहीरच देत आहोत.

आधी त्या शेकडो ओळींविषयी. आपल्या आधीच्या प्रोग्रामरांनी एप्रिल ते मार्च असे आर्थिक वर्ष छापण्यासाठी ‘फॉरमॅटिंग.सी’ या फायलीत, आणि गाडीवरच्या यंत्राकडून येणारी तारीख वाचण्यासाठी ‘डेटटाइम.सी’मध्ये स्वतःचा कोड घातला होता. कोड चांगला होता. परंतु त्यांच्या एडिटरने फाईल सेव्ह होताना भोवतालच्या मूळ ओळीही आपल्या पद्धतीने मांडून टाकल्या होत्या: चार स्तंभांच्या टॅबच्या जागी दोन स्पेस, आणि स्वतंत्र ओळीवर असायला हवा तो महिरपी कंस ({) आधीच्या ओळीच्या शेवटी. परिणामी मूळ तेराव्या आवृत्तीशी तुलना केली की जवळजवळ सगळी फाईलच बदललेली दिसे आणि खरी भर त्या गर्दीत हरवून जाई. अशा अवस्थेतला कोड सोळाव्या आवृत्तीवर चढवायला घेतला असता तर प्रत्येक फंक्शनपाशी मर्ज कॉन्फ्लिक्ट, म्हणजे दोन्हीकडचे बदल एकमेकांवर आदळण्याचा प्रसंग, आला असता, आणि तो हाताने सोडवताना एखादी अट निसटण्याचा धोका खराच होता. म्हणून आम्ही प्रथम त्या फायली पोस्टग्रेसच्या प्रमाण मांडणीत परत आणल्या. आपण मोजलेल्या शेकडो ओळी म्हणजे मूळ रूपात परत गेलेल्या ओळी आहेत. ते झाल्यावर आपली खरी भर पहिल्यांदाच एका नजरेत दिसेल इतकी छोटी झाली.

यासाठी वापरलेले साधन पीजीइंडेंट हे आहे आणि ते पोस्टग्रेसच्याच सोर्समध्ये (मूळ कोडमध्ये) मिळते. बीएसडी इंडेंट या जुन्या प्रोग्रामचा पोस्टग्रेससाठी जुळवून घेतलेला अवतार त्यामागे काम करतो. पूर्वी तो वेगळा आणून बांधावा लागे, 2023 च्या सोळाव्या आवृत्तीपासून तो मुख्य कोडसोबतच ठेवलेला आहे. पोस्टग्रेसची मंडळी हे साधन अनेक वर्षे संपूर्ण कोडवर चालवत आली आहेत. 2017 मध्ये मांडणीचे नियम सुधारले तेव्हा कोडच्या फार मोठ्या भागाची मांडणी एकाच वेळी बदलली होती. अशा निव्वळ मांडणीच्या कमिटमुळे (एकत्र नोंदवलेल्या बदलांमुळे) गिट ब्लेममध्ये, म्हणजे कोणती ओळ कोणी बदलली हे दाखवणाऱ्या यादीत, भलत्याच माणसाचे नाव दिसू नये म्हणून त्या कमिट वगळण्याची यादी 2021 पासून सोर्समध्येच ठेवली जाते. तारीख-वेळेच्या फायलीही याला अपवाद नाहीत. (चार स्तंभांचा टॅब आम्हालाही व्यक्तिशः आवडत नाही, पण दुसऱ्याच्या घरात राहायचे तर त्यांची शिस्त पाळावी लागते.)

‘बटण दाबले आणि पैसे घेतले’ हे आपले वाक्य मात्र वस्तुस्थितीला धरून नाही. हे साधन सी भाषा पूर्णपणे समजून घेत नाही. कोणता शब्द टाइपचे (माहितीच्या प्रकाराचे) नाव आहे हे त्याला वेगळ्या यादीतून सांगावे लागते. पोस्टग्रेसचे ‘टाइमस्टॅम्पटीझेड’, ‘डेटएडीटी’ असे टाइप त्या यादीत आहेत, परंतु आपल्या प्रोग्रामरांनी केलेला आर्थिक वर्षाचा टाइप तिथे कुठून असणार? तो यादीत नसेल तर पॉइंटरच्या (माहितीचा पत्ता ठेवणाऱ्या चलाच्या) घोषणेतली चांदणी (*) गुणाकाराचे चिन्ह असल्यासारखी दोन्ही बाजूंना जागा सोडून बसते. प्रोग्राम त्याने बिघडत नाही, वाचणारा मात्र फसतो. टिप्पण्यांचेही तसेच आहे. कोणत्या महिन्याचा कोणता तिमाही हे दाखवणारा एक तक्ता आपल्या कोडमधल्या टिप्पणीत होता. साध्या टिप्पणीतल्या ओळी साधन पुन्हा जुळवते, त्यामुळे त्या तक्त्याचा सलग परिच्छेद झाला असता. टिप्पणीच्या सुरुवातीला डॅशची रेघ दिली की साधन तिला हात लावत नाही, म्हणून ती रेघ आम्ही आधी घातली.

त्यानंतर पडताळणी. मांडणीचा बदल आम्ही स्वतंत्र कमिटमध्ये ठेवला, त्यात वर्तन बदलणारी एकही ओळ नाही. गिटमध्ये मोकळ्या जागा दुर्लक्षून तुलना करता येते, पण कंस स्वतःच्या ओळीवर गेले आणि टिप्पण्या नव्याने तुटल्या की ती तुलना अपुरी पडते. म्हणून मांडणीपूर्वीचा आणि नंतरचा कोड एकाच कंपायलरने, डीबग माहिती न घालता कंपाइल करून तयार झालेल्या ऑब्जेक्ट फायलींचीच (यंत्रभाषेतल्या फायलींचीच) तुलना केली. तिथे फक्त ओळींचे क्रमांक वेगळे निघाले, कारण पोस्टग्रेसचा प्रत्येक त्रुटीसंदेश आपण कोणत्या ओळीवरून आलो हे सोबत घेऊन येतो आणि ओळी खालीवर झाल्या की तो आकडा बदलतो. बाकी यंत्रभाषेतला कोड जसाच्या तसा होता. या तुलनेचा अहवाल बिल्डसोबत आपल्याला दिलेला आहे.

आता साडेतीन तासांकडे येऊ. आपल्या काही गाड्यांवरची यंत्रे वेळेच्या शेवटी ‘आयएसटी’ ही तीन अक्षरे जोडून पाठवतात. आपल्याला त्यात भारतीय प्रमाणवेळ दिसते, परंतु हेच लघुरूप इस्राएल आणि आयर्लंडमध्येही वापरतात. पोस्टग्रेस अशा लघुरूपांचा अर्थ ‘टाइमझोन अ‍ॅब्रिव्हिएशन्स’ या सेटिंगने ठरवलेल्या फायलीतून घेते. तिचे मूळ मूल्य ‘डीफॉल्ट’ आहे आणि त्या फायलीत आयएसटीसमोर 7200 सेकंद, म्हणजे इस्राएलचे दोन तास, लिहिलेले आहेत. ‘इंडिया’ नावाची फाईल निवडली तरच तिथे 19800 सेकंद, म्हणजे आपले साडेपाच तास, येतात. दोहोंतला फरक बरोबर साडेतीन तासांचा आहे. सकाळी दहाची आयएसटी नोंद इस्राएलची समजली गेली की यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) ती आठची ठरते आणि भारतीय वेळेत दुपारी दीडची दिसते.

आपल्या जुन्या सर्व्हरवर ही सेटिंग कोणीतरी ‘इंडिया’ करून ठेवली होती. नवा सर्व्हर आपल्या होस्टिंग पुरवठादाराने कोऱ्या सेटिंग फायलीने उभा केला आणि ते मूल्य जुन्या सर्व्हरवरच राहिले. सर्व्हरची सेटिंग आमच्या करारात नव्हती. तरीही तक्रार येताच आम्ही दोन चाचण्या केल्या, त्या आपण स्वतःही करून पाहाव्यात. आमचा हात न लागलेल्या अधिकृत सोळाव्या आवृत्तीला मूळ सेटिंगवर ‘10:00 आयएसटी’ दिल्यास भारतीय वेळेत उत्तर 13:30 येते. आमच्या बिल्डवर सेटिंग ‘इंडिया’ केल्यास तीच वेळ 10:00 येते. रिग्रेशन चाचण्यांत (जुने वर्तन मोडले नाही ना हे पाहणाऱ्या तयार चाचण्यांत) हे पकडले जाणे शक्य नव्हते, कारण त्या अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याची वेळ धरून चालतात.

सेटिंग दुरुस्त केल्यावर नव्या नोंदी बरोबर येतील, जुन्या आपोआप सुधारणार नाहीत. टाइमझोनसह साठवलेली वेळ आत यूटीसीतच राहते आणि ती कोणत्या लघुरूपाने आली होती याची खूण उरत नाही. म्हणून सरसकट साडेतीन तास वजा करू नयेत, तसे केल्यास मोबाईल अ‍ॅपवरून ‘+05:30’ लावून आलेल्या बरोबर नोंदी बिघडतील. आपल्या टेबलात नोंद कोठून आली हे सांगणारा रकाना आहे. त्यावरून फक्त त्या यंत्रांच्या, आणि नवा सर्व्हर सुरू झाल्यापासून सेटिंग बदलेपर्यंतच्याच नोंदी निवडाव्यात. त्यासाठीची क्वेरी आम्ही आपल्या अधिकाऱ्यांना ईमेलने पाठवली आहे. ती आधी बॅकअपच्या प्रतीवर चालवून पाहावी.

2025 च्या अठराव्या आवृत्तीत लघुरूपाचा अर्थ आधी सेशनच्या (चालू जोडणीच्या) टाइमझोनवरून लावला जातो, त्यामुळे सेशन ‘एशिया/कोलकाता’वर असेल तर आयएसटी भारताचेच समजले जाईल. तरीही यंत्रांच्या पुरवठादाराकडून लघुरूपाच्या जागी ‘+05:30’ पाठवण्याची सोय करून घ्यावी, असा आमचा सल्ला आहे.

बिलातली ‘कोड फॉरमॅटिंग व पडताळणी’ ही रक्कम आम्ही कमी करणार नाही. साधन मोफत आहे आणि ते चालायला क्षणभर लागतो, पण रक्कम टाइपची यादी, टिप्पण्या आणि ऑब्जेक्ट फायलींच्या तुलनेची आहे. नोंदींच्या दुरुस्तीसाठी दिलेल्या क्वेरीचे आणि ती चालवताना लागणाऱ्या मदतीचे वेगळे बिल येणार नाही. आपल्या डेटाबेस अधिकाऱ्यांनी सोयीची वेळ कळवावी, आमचा माणूस त्या वेळी फोनवर उपलब्ध राहील.

आपला,
व्यवस्थापकीय भागीदार