तुमच्या यादीत

"ताई, तुमच्या यादीत यंदाही आपलं कुणी नाही."

विज्ञानकथांच्या ह्यूगो पुरस्कारांची नामांकनं जाहीर झाली त्या रात्री मुंबईच्या चुनाभट्टीहून मावसभावाचा हा मेसेज आला. मग घरच्या ग्रुपवर भर पडत गेली. मराठी विज्ञानकथा नारळीकरांबरोबर संपली. आपल्या लोकांना कल्पनाशक्तीचं वावडंच. आणि काकांचं नेहमीचं, गोऱ्यांचे पुरस्कार गोऱ्यांनाच. इथे ग्लासगोत आमच्या इमारतीचा क्लोज, म्हणजे सामाईक जिना, झाडायची पाळी माझी होती. झाडू भिंतीला टेकवून मी जिन्यातच उत्तर लिहायला लागले. इतका राग का आला, ते तेव्हा कळलं नाही.

काकांचं आधी. २०१५ मध्ये ल्यू त्सिशिन यांच्या चिनी कादंबरीला सर्वोत्कृष्ट कादंबरीचा ह्यूगो मिळाला, तो केन ल्यू यांच्या इंग्रजी अनुवादामुळे. नेब्युला हा विज्ञानकथांचा दुसरा मोठा पुरस्कार, तो २०२४ मध्ये श्रीलंकेच्या वज्र चंद्रसेकरांच्या कादंबरीला मिळाला. इथल्या, ब्रिटनमधल्या आर्थर सी. क्लार्क पुरस्कारावर १९९७ मध्येच अमिताव घोष यांचं नाव लागलं आणि २०२४ च्या अंतिम सहांत लावण्या लक्ष्मीनारायण होत्या. अडतं ते कातडीपाशी नाही, भाषेपाशी अडतं. ही सगळी पुस्तकं मतदारांच्या आणि परीक्षकांच्या हातात इंग्रजीतून पोचली होती.

मावसभावाला वाटतं, कुठेतरी एक समिती बसते आणि जगातलं उत्तम ते निवडते. क्लार्कला परीक्षक असतात, नेब्युलाला लेखकांची संघटना मत देते. ह्यूगो मात्र वाचकांचा. वर्ल्डकॉन या दरवर्षीच्या विज्ञानकथा संमेलनाची सभासद फी भरायची आणि प्रत्येक विभागात जास्तीत जास्त पाच नावं सुचवायची. सर्वाधिक पाठिंब्याची सहा नावं अंतिम यादीत जातात. २०२४ च्या ग्लासगो वर्ल्डकॉनला नामांकनाच्या १,७२० मतपत्रिका आल्या होत्या. अख्ख्या जगातून एवढ्याच! हार्बरच्या सकाळच्या एका लोकलमध्ये याहून जास्त माणसं असतात. आणि मूळ लेखन इंग्रजीतच हवं असा नियम नाही. आदल्या वर्षी छापलेली मराठी कथाही पात्र ठरते, आणि तिचा पहिला इंग्रजी अनुवाद निघाला की त्या वर्षासाठी पुन्हा पात्र ठरते. साडेसात हजार शब्दांच्या आतली असली तर लघुकथा विभागात. आपल्या दिवाळी अंकांतल्या कथा बहुतेक त्यात बसतील.

मग चीनमधल्या चेंगदूच्या वर्ल्डकॉनचं काय, असं मावसभावाने विचारलंच. २०२३ मध्ये तिथे काही नामांकनं कारण न देता अपात्र ठरवली गेली, आर. एफ. क्वांग यांची 'बेबल' ही कादंबरी त्यातलीच. लाजिरवाणंच होतं ते. पण उघड कसं झालं? नामांकनांचे आकडे प्रसिद्ध करावेच लागतात म्हणून. पुढच्याच वर्षी ग्लासगोच्या लोकांनी अंतिम फेरीतली ३७७ मतं बनावट म्हणून बाद केली आणि निकालाआधी तसं जाहीरही केलं. आपल्याकडे डिसेंबर २०२२ मध्ये कोबाड गांधी यांच्या 'फ्रॅक्चर्ड फ्रीडम'च्या मराठी अनुवादाला जाहीर झालेला राज्य पुरस्कार सरकारने काही दिवसांत रद्द केला आणि निवड समितीही बरखास्त केली. तेव्हा या ग्रुपवर कुणी हूं की चूं केलं नव्हतं. हे मी लिहिलं, आणि लिहिताना बरं वाटलं, तेही खोटं सांगत नाही.

पण "आपल्या लोकांना कल्पनाशक्तीचं वावडंच" हे मला सहन होत नाही. चुनाभट्टीचं विज्ञान भवन आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत १९७४ मध्ये कुणा नारायण विनायक जगतापांची 'कृष्णविवर' पहिली आली, आणि जगताप म्हणजे जयंत विष्णू नारळीकर निघाले. आद्याक्षरं उलटी करून पाठवली होती, नावाकडे बघून बक्षीस मिळू नये म्हणून. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर हे सगळे मी बाबांनी आणलेल्या दिवाळी अंकांतून वाचले, लोडशेडिंग असेल तर मेणबत्तीशी. नारळीकरांना साहित्य अकादमी मिळाली ती २०१४ मध्ये, आत्मचरित्रासाठी, कथांसाठी नाही. आपणच ज्याला दुय्यम ठेवलं, ते ग्लासगोने उचलून धरावं ही अपेक्षा कुठली?

एवढं सगळं टाइप केल्यावर मावसभावाचं एका ओळीचं उत्तर आलं. "तू सभासद होतीस ना? तू कुणाचं नाव दिलंस?"

मी होते. २०२४ चं वर्ल्डकॉन आमच्या पार्टिकहून रेल्वेने पाच मिनिटांवर भरणार होतं, फी मी आदल्या वर्षीच भरली होती. नामांकनं ९ मार्चला बंद झाली. त्या आठवड्यात स्वयंपाकघरात बसून मी लघुकथेच्या पाच जागांपैकी तीन भरल्या, तिन्ही इंग्रजी. दोन रिकाम्या सोडल्या. मराठी कथा सुचवता येते हे मनातही आलं नाही, कारण कितीतरी वर्षांत मी नवी मराठी विज्ञानकथा वाचलीच नव्हती. त्याच सभासदत्वावर २०२५ लाही नामांकन करता आलं असतं. तेही केलं नाही.

त्याहून वाईट पुढे आहे. जानेवारी २०२४ मध्ये मुंबईहून निघताना आईने २०२३ चा एक दिवाळी अंक बॅगेत घातला होता, चकल्यांच्या डब्याभोवती टॉवेलसारखा गुंडाळून. चकल्या आठवड्यात संपल्या. अंक बॉयलरच्या कपाटावर गेला आणि तिथेच राहिला. त्या रात्री खाली काढला तेव्हा मुखपृष्ठावर तेलाचं वर्तुळ होतं. आत एक विज्ञानकथा होती, भरतीच्या पाण्यात शहराचे कोणते भाग सोडून द्यायचे हे ठरवणाऱ्या कारकुनाची. यादीतल्या सहाही कथा वाचून मत दिलेली बाई मी. ही कथा त्यांतल्या दोघींपेक्षा तरी सरस होती. आणि मार्च २०२४ मध्ये ती पात्र होती, माझ्या डोक्यावर दोन हातांवर. माझ्या एका मताने ती यादीत गेली नसती, ठाऊक आहे. पण दोन जागा रिकाम्या होत्या.

'तुमच्या' हा शब्द मला का बोचला, ते तेव्हा कळलं. त्याने मला ग्लासगोच्या बाजूला उभं केलं म्हणून मी चिडले होते, आणि उभी तर मी तिथेच होते.

त्याला मी हे सगळं लिहिलं नाही. पानांचे फोटो काढून पाठवले, तेलाच्या डागासकट. सकाळी उठले तर नऊ मेसेज होते, लोकलमधून लिहिलेले. कारकुनाने शेवटी स्वतःचीच गल्ली सोडायच्या यादीत टाकली, हे त्याला अजिबात पटलं नव्हतं. मला पटलं होतं. चहा गार होईस्तोवर आम्ही त्यावर भांडलो.