मला थिएटर नको, शब्द ऐकू येऊ द्या!

परवा रात्री आईनं तिसऱ्यांदा विचारलं, "काय म्हणाला रे तो?" आणि मी उशी फेकली. टीव्हीवर. आईचा काय दोष, मलाही कळलं नव्हतं.

४३ इंची टीव्ही, पापडासारखा पातळ. स्पीकर दोन, १०-१० वॅटचे, तेही तोंड खाली करून. आवाज आधी टीव्हीखालच्या कपाटाला भेटणार, मग उरलासुरला आपल्याला. माणसं बोलतात ती कुजबुजीत, आणि पार्श्वसंगीत सुरू झालं की अख्ख्या सुदामानगरला ऐकू जातं. हातातला रिमोट खाली ठेवायची सोय नाही.

म्हणून साउंडबार, म्हणजे टीव्हीखाली ठेवायचा लांबट स्पीकर, घ्यायचं ठरलं. बजेट ८ हजार. तिथूनच डोकं फिरायला लागलं. खोक्यांवर २००, ३०० वॅट! कसले वॅट? लहानपणी टेपरेकॉर्डरवर पीएमपीओचे, म्हणजे क्षणभराच्या कमाल ताकदीचे, असेच डोंगराएवढे आकडे छापलेले असायचे आणि वाजायचा तो पत्र्याच्या डब्यासारखा. खरा आकडा आरएमएसचा, म्हणजे सतत मिळणाऱ्या ताकदीचा, तो बारीक अक्षरात, छापला असलाच तर. आणि डॉल्बी ॲटमॉसच्या स्टिकरवर तर माझा खास राग आहे. ॲटमॉसमध्ये आवाज डोक्यावरूनही यायला हवा, त्यासाठी छतात स्पीकर लागतात, निदान छताकडे तोंड केलेले तरी. या स्वस्त बारांत समोर दोन भोंगे, वर काही नाही. स्टिकर मात्र चकचकीत.

इथे इंदूरच्या महाराणी रोडवरच्या एका दुकानात गेलो. पोरगा म्हणाला, "भिया, घर में थिएटर लग जाएगा," आणि वरातीतलं गाणं लावलं. काउंटरवरचा चहाचा ग्लास थरथरला. मी म्हटलं, बाबा रे, बातम्या लाव, कुणीतरी नुसतं बोलतंय असं काहीतरी लाव. त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी रात्री सराफ्याच्या खाऊगल्लीत जाऊन दुधीची भाजी मागितली.

बोलणं स्वच्छ ऐकू यायला मधला स्पीकर लागतो, सेंटर चॅनल. तो ३.१ किंवा ५.१ मध्ये असतो. २.१ म्हणजे डावा, उजवा आणि धुमधुम करणारा सबवूफर. हे कधी कळलं? पैसे देऊन २.१ घरी आणल्यावर!

ब्लूटूथनं जोडला, तर ओठ आधी हलतात, शब्द मागून येतात. नायिका रडून मोकळी, हुंदका नंतर. बरं, तार लावू. तर खोक्यात एचडीएमआय केबलच नाही! ती वेगळी आणली. टीव्हीला एचडीएमआयची तीन भोकं, पण बारला आवाज देणारं एआरसी त्यातलं एकच. ते नेमकं भिंतीकडच्या बाजूला, आणि त्यात आधीपासून सेट-टॉप बॉक्स बसलेला. मोबाइलचा टॉर्च दातांत धरून मी ते शोधलं. एआरसी आलं २००९ साली, एचडीएमआय १.४ बरोबर. इतक्या वर्षांत त्या भोकाशेजारी कानाचं एक चित्र काढायला काय झालं होतं? आणि टीव्हीच्याच रिमोटनं बारचा आवाज कमी-जास्त व्हावा म्हणून सीईसी चालू करायचं, तर त्याला त्याच्या नावानं कुणी हाकच मारत नाही. सॅमसंगकडे ते एनीनेट प्लस, एलजीकडे सिम्पलिंक, सोनीकडे ब्राविया सिंक. एकाच पोराची किती बारशी?

एवढं करून संवाद तसेच पुटपुटते. वाढलं काय, तर धुमधुम. शेजारच्या काकूंनी सकाळी विचारलं, "तुमच्याकडे फरशीचं काम काढलंय का?"

परत द्यायला गेलो तर तोच पोरगा म्हणतो, "भिया, डिब्बा खुल गया, अब वापस नी होगा." अरे, मग न उघडता ऐकायचा कसा? खोक्याला कान लावून?

शेवटी मीच बास शून्यावर आणला, ट्रेबल वर नेला, बातम्यांचा मोड लावला. आता आईला दहातले सातेक शब्द कळतात. सबवूफरची पिन काढून ठेवलीय. तो कोपऱ्यात बसलाय आणि आईनं त्याच्यावर मनीप्लांटची कुंडी ठेवलीय.