स्वर्गाचं पुस्तक यादीत का नाही: एका भावाच्या प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, सप्रेम सलाम.

तुमची प्रतिक्रिया रविवारी उपासनेहून घरी आल्यावर वाचली. लगेच उत्तर लिहायला बसले होते, पण चौथ्या ओळीतच माझा आवाज चढायला लागला, म्हणून फोन पालथा ठेवला आणि मेथी निवडायला घेतली. आज बुधवार. आता लिहिते.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. मागच्या महिन्यात मी विश्वासणाऱ्यांच्या घरी असावीत अशा बारा पुस्तकांची यादी दिली होती, कथा-कादंबऱ्या आणि कविता सोडून. भाऊंचे त्यावर तीन मुख्य आक्षेप आहेत. यादीत अविश्वासणाऱ्यांची पुस्तकं कशाला, इफिसच्या लोकांनी तर पुस्तकं जाळली होती. लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मकथन 'स्मृतिचित्रे' ही करमणूक आहे, आणि त्यांचे पती, कवी ना. वा. टिळक यांनी शेवटी मिशन सोडून वेगळाच दरबार मांडला. आणि तिसरा, सगळ्यांत दुखरा: स्वर्ग पाहून आलेल्या मुलाच्या ज्या पुस्तकाने त्यांच्या आईला शेवटच्या दुखण्यात धीर दिला, ते मी 'स्वर्गाच्या सहलीचं पुस्तक' म्हणून उडवून लावलं. शेवटी एक वाक्य: "ताई, तुम्ही लिबरल होत चालला आहात."

या शेवटच्या वाक्याचं आधी बघू. शास्त्र देवाने प्रेरित आहे, ख्रिस्त शरीराने उठला, तारण त्याच्यावाचून नाही. यातलं एक अक्षर मी सोडलेलं नाही. यादीत सातव्या क्रमांकावर अमेरिकन धर्मपंडित मेचेनचं १९२३चं पुस्तक आहे, ते तुमच्या नजरेतून सुटलं असावं. उदारमतवादी, म्हणजे लिबरल, ख्रिस्तीपण हा ख्रिस्ती धर्माचा सौम्य प्रकार नव्हे, तो वेगळाच धर्म आहे, असं त्याने सरळ लिहून टाकलं होतं. लिबरल बाई तुम्हाला हे पुस्तक कशाला वाचायला सांगेल?

आता इफिस. प्रेषितांची कृत्ये, एकोणिसावा अध्याय. पुस्तकं जादूटोण्याची होती, किंमत पन्नास हजार चांदीची नाणी भरली, आणि ज्याने त्याने आपापली आणून जाळली. शेजाऱ्याच्या कपाटात कोणी हात घातला नाही. दोन अध्याय मागे जा. अथेन्समध्ये उभा राहून पौल म्हणतो, 'आपण त्याचाच वंश आहोत.' हे शब्द अराटस नावाच्या ग्रीक कवीचे. ते काव्य मुळात ताऱ्यांची आणि हवामानाची माहिती देणारं, आणि त्या ओळीतला 'तो' म्हणजे झ्यूस. पौलाने ते कधीतरी वाचलं होतं, लक्षात ठेवलं होतं आणि नेमक्या जागी काढलं. तुरुंगात थंडी वाजत असतानासुद्धा तो आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, झग्याबरोबर पुस्तकं आणायला सांगतो.

तुमचा खरा राग डॉ. अभय बंग यांच्या 'माझा साक्षात्कारी हृदयरोग'वर आहे. "त्यात ध्यान आहे, योगासनं आहेत, ख्रिस्त कुठेच नाही." खरं आहे, नाही. गडचिरोलीत गोरगरिबांची सेवा करणारा एक डॉक्टर पंचेचाळिशीच्या आसपास हृदयविकाराने कोसळतो, आणि दुसऱ्या कोणावर खापर न फोडता स्वतःच्या खाण्याकडे, घाईकडे, मनावरच्या ताणाकडे बोट दाखवतो. आपल्या मंडळ्यांतले किती सेवक पन्नाशीत असे गेले ते आठवा. आपण 'प्रभूने बोलावून घेतलं' म्हणतो आणि पुढच्या रविवारी उपासनेनंतर पुन्हा बटाटेवडे. त्या डॉक्टरांचं शेवटचं उत्तर माझं उत्तर नाही. मनःशांतीचा भाग येतो तिथे माझ्या प्रतीच्या समासात पेन्सिलीने 'योहान १५' लिहिलेलं आहे, म्हणजे 'माझ्यामध्ये राहा' असं ख्रिस्त सांगतो तो अध्याय. मुलगा कॉलेजात असताना त्याने ते वाचून विचारलं होतं, "आई, इथे भांडलीस का?" भांडले नाही. मला काय पटतं त्याची खूण करून ठेवली.

जे पुस्तक देवाविषयी आणि तारणाविषयी शिकवायला बसतं, त्याची ओळ न् ओळ मी शास्त्राला लावून बघते, आणि तिथे कोणाची गय करत नाही. जे पुस्तक रक्तवाहिन्यांविषयी बोलतं, त्याला आधी रक्तवाहिन्यांचंच विचारते. हा काही माझा शोध नव्हे. सोळाव्या शतकातला धर्मसुधारक कॅल्व्हिन, त्याच्यापेक्षा सनातनी माणूस तुम्ही कुठून आणणार? मूर्तिपूजक काळातले कायदेपंडित, वैद्य, गणिती यांच्याबद्दल लिहिताना तो म्हणतो की सत्याचा उगम देवाचा आत्मा आहे हे मान्य असेल, तर सत्य कुठेही दिसलं तरी ते झिडकारायचं नाही, कारण त्यात आत्म्याचाच अपमान होतो.

दहाव्या क्रमांकाच्या पुस्तकाबद्दल मात्र तुम्ही मला बरोबर पकडलंत. घरखर्च आणि दशमांश, म्हणजे मिळकतीचा दहावा भाग देवाला देणं, यावरचं ते पुस्तक मी निम्मंच वाचलं होतं आणि पहिल्या निम्म्याच्या भरवशावर यादीत घातलं. उरलेलं सोमवारी वाचलं. शेवटची तीन प्रकरणं म्हणजे 'पेरा आणि शंभरपट घ्या' हाच धंदा आहे. काढून टाकलं. आभार.

'स्मृतिचित्रे' मात्र काढणार नाही. टिळकांनी १९१७ साली मिशन सोडलं आणि 'देवाचा दरबार' काढला. त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही जागा होती. मंडळीच्या शिस्तीच्या दृष्टीने तुमची हरकत मला मान्य आहे, मीही तिथे थबकते. पण मी टिळकांचं मंडळीशास्त्र यादीत घातलेलं नाही. लक्ष्मीबाईंची आठवण घातली आहे. नवऱ्याचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला, बायकोचा १९०० साली. मधली पाच वर्षं ही बाई रडते, रागावते, सोवळं सांभाळते आणि थोडी थोडी बदलते, आणि यातलं काहीच लपवत नाही. ना स्वतःचा हट्ट, ना नवऱ्याचा विक्षिप्तपणा. आपल्या साक्षीच्या सभांत पाच मिनिटं अंधार, पाच मिनिटं उजेड, मग टाळ्या. मधली पाच वर्षं कोण सांगतं? त्यात हसू येतं म्हणून ते पुस्तक हलकं होत नाही, भाऊ.

पंडिता रमाबाईंबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत, पण माझा मुद्दा त्यांच्याच पुस्तकांतून जास्त स्पष्ट होतो. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात वाँटेजला झाला. पुढे १९०७ साली आपली साक्ष लिहिताना त्या म्हणतात की मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता, आणि हे मला बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी कळलं. केडगावला मुक्ती मिशनची एवढी मोठी सेवा उभी करणाऱ्या बाईने हे कशाला छापायचं? मिशनच्या पाठीराख्यांना काय वाटेल, देणग्या आटतील का, असा हिशेब करणारा माणूस ते वाक्य गाळतो. त्यांनी ठेवलं. वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डीनशी त्यांचा वाद चाले तो पत्रव्यवहार महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ साली छापला आहे. त्रैक्याबद्दल, ख्रिस्ताच्या देवत्वाबद्दल रमाबाई असे प्रश्न विचारतात की आज आपल्या तरुण संघात असत्या तर कोणी त्यांना प्रार्थनासुद्धा करायला दिली नसती. आणि याच बाईने पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं शास्त्र मराठीत आणलं, १९२२ साली मरेपर्यंत त्याच कामात राहिली. शंका घेऊन माझ्याकडे येणाऱ्या पोरांच्या हातात मी तो पत्रव्यवहार देते. इंग्रजी आहे, जाड आहे, तरी देते.

आता तुमची आई.

'सहल' हा शब्द मी लिहायला नको होता. माफ करा. त्या पुस्तकाशी माझा स्वतःचाही हिशेब राहिला होता, म्हणून लेखणी वाकडी चालली.

'द बॉय हू केम बॅक फ्रॉम हेवन' २०१० साली आलं. २००४च्या मोटार अपघातात सहा वर्षांचा मुलगा जबर जखमी झाला आणि शुद्धीवर आल्यावर त्याने स्वर्ग, देवदूत पाहिल्याचं सांगितलं, अशी त्याची गोष्ट. लाखो लोकांनी वाचलं. आपल्या मंडळीच्या कपाटातही कोणीतरी पुण्याहून आणून ठेवलं. २०१३ साली कंबरेचं हाड मोडून पडून राहिलेल्या एका आजींना मी ते रोज संध्याकाळी वाचून दाखवायचे. इंग्रजी वाक्य मनात वाचायचं आणि तोंडाने मराठी बोलायचं. दोन आठवड्यांत संपवलं. आजी देवदूतांच्या वर्णनाला 'परत वाच' म्हणायच्या.

मग जानेवारी २०१५मध्ये तो मुलगा, तोवर सोळा-सतरा वर्षांचा झालेला, त्याने ख्रिस्ती पुस्तकविक्रेत्यांना उघड पत्र लिहिलं. मी मेलो नव्हतो, स्वर्गात गेलो नव्हतो, लोक लक्ष देतील म्हणून तसं म्हणालो. आणि पुढे: लोकांनी शास्त्र वाचावं, तेवढं पुरेसं आहे. प्रकाशकाने पुस्तक मागे घेतलं. भाऊ, माझ्यावर लिबरलपणाचा आरोप करण्याआधी हे बघा की शास्त्र पुरेसं आहे ही आपली सगळ्यांत सनातनी शिकवण, आणि ती आपल्याला त्या मुलाने अंथरुणावरून सांगितली.

खरं तर पत्राची वाट बघायची गरज नव्हती. येशूने मेलेल्यातून उठवलेला लाजार चार दिवस कबरेत होता, त्याच्या तोंडी शास्त्रात एक शब्द नाही. पौल तिसऱ्या स्वर्गापर्यंत उचलला गेला, चौदा वर्षं गप्प राहिला, आणि बोलला तेव्हाही एवढंच की जे ऐकलं ते माणसाने उच्चारू नये. हे दोन्ही मला २०१३ साली पाठ होतं. तरी मी वाचून दाखवत राहिले, कारण आजींना बरं वाटत होतं. ईयोब आपल्या मित्रांना विचारतो ना, देवाची बाजू घ्यायला तुम्ही खोटं बोलणार का? तो प्रश्न पुस्तकांच्या दुकानाच्या दारावर लावायला हवा.

आणि ही चाळणी फक्त आम्हा, मंडळीचं पुस्तकांचं कपाट सांभाळणाऱ्या बायकांची नाही. अमेरिकेत २०१२ साली डेव्हिड बार्टन यांचं जेफरसनवरचं पुस्तक आलं. राष्ट्राध्यक्ष जेफरसन आपल्याला सांगतात त्यापेक्षा कितीतरी जास्त ख्रिस्ती वळणाचे होते, असा त्याचा सूर. आपल्या गोटातल्या वाचकांना ऐकायला गोड. त्याच्या चुका काढणाऱ्यांत पुढे कोण होतं? ग्रोव्ह सिटी या पुराणमतवादी ख्रिस्ती कॉलेजातलेच दोन प्राध्यापक. काही महिन्यांत ख्रिस्ती प्रकाशकाने ते पुस्तक मागे घेतलं. आपल्या बाजूचं आहे म्हणून त्या दोघांनी सोडून दिलं नाही.

तुमच्या आईंना धीर मिळाला तो खोटा होता, असं मी म्हणत नाही. त्यांचा प्रभूवर विश्वास होता हे तुम्हीच लिहिलंय. ज्याच्यावर विश्वास होता तो खरा आहे, पुस्तक मागे घेतल्याने तो मागे घेतला जात नाही. पण पुढच्या आजारी माणसाच्या उशाशी तेच पुस्तक ठेवायला मी यादीत लिहू शकत नाही.

आजींना मी हे सांगायला गेले, तेही दोन आठवडे टाळून. त्या तेव्हा वॉकर धरून उठायला लागल्या होत्या. सगळं सांगितलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मला वाटलं रागावल्या. मग म्हणाल्या, "पण ते पोरगं चालतं का गं आता?"

नाही म्हटलं. मानेखालचं सगळं लुळं आहे, ते तसंच आहे.

"मग एवढे दिवस आपण त्याच्यासाठी प्रार्थना केली का?"

केली नव्हती. त्याचे देवदूत मोजत बसलो होतो. त्या संध्याकाळी केली, आणि त्यानंतर योहानाचा चौदावा अध्याय वाचला, तो त्यांना तोंडपाठच होता. आजी त्याच वर्षी पावसाळ्यात गेल्या.

पुस्तक मी जाळलं नाही, भाऊ. कपाटात सगळ्यांत खालच्या फळीवर आहे. आतल्या पहिल्या पानावर त्या मुलाच्या पत्रात काय आहे ते मराठीत लिहून डकवलं आहे. पाहिजे असेल तर रविवारी उपासनेनंतर या, रजिस्टरमध्ये सही करा आणि घेऊन जा. रमाबाईंची पत्रंही तिथेच आहेत, दोन फळ्या वर.