इंदूर-पुणे विमान म्हणे 33 मिनिटांत पोचायला हवं

इंदूरच्या सुदामा नगरमधल्या मावशीने काल मला एक फॉरवर्ड पाठवला, वर लिहिलं "बघ कसे लुटतात". पुढच्या आठवड्यात पुण्याला मुंजीला चाललीये, म्हणून उत्तर देणं भाग आहे, नाहीतर सोडून दिलं असतं.

मेसेज थोडक्यात असा: इंदूर-पुणे हवाई अंतर 500 किमी, विमानाचा स्पीड 900, म्हणजे 33 मिनिटं. तरी तिकिटावर सव्वा तास, कारण कंपन्या हवेत फेऱ्या मारून भाडं वाढवतात. त्यात पृथ्वी पूर्वेकडे फिरते, म्हणजे पुणं तर आपणच जवळ येतं. म्हणून दोन तास आधी जायची गरज नाही, अर्धा तास पुरे.

500 बरोबर आहे. बरोबर एवढंच.

900 हा जेटचा स्पीड, तोही वर पोचल्यावर. 10,000 फुटांखाली साधारण 250 नॉटची मर्यादा असते, म्हणजे ताशी 463 किमी, आणि एवढ्याशा रूटवर विमान वर जाऊन सरळ होतंय न होतंय तोच उतरायला लागतं. पंख्याचं छोटं एटीआर विमान मिळालं तर ते वर गेल्यावरही 500 च्या आसपासच. शिवाय तिकिटावरची वेळ गेट ते गेट असते, त्यात विमानाचं जमिनीवर रनवेपर्यंत सरकणं आलं, रनवेवर नंबर लागणं आलं, आणि पुण्याचं लोहगाव तर एअरफोर्सचं, आपण तिथे पाहुणे. फ्लाइटरडार24 ही साइट उघडा, इंदूर-पुणे कुठलीही फ्लाइट दाबा, स्पीड, उंची, रस्ता सगळं दिसतं, फेऱ्या मारल्या तर त्याही दिसतील.

आता ते पृथ्वीचं. अरे भिया, नकाशा तरी बघायचा! पुणं इंदूरच्या पश्चिमेला नाही, दक्षिणेला आहे, 460 किमी खाली आणि जेमतेम 200 पश्चिमेला. पृथ्वी खरंच विमानाखालून सरकत असती तर इथे ती ताशी 1500 किमीच्या वर फिरते, म्हणजे इंदूर विमानतळाजवळच्या बिजासनवरून उडून नुसतं लटकून राहिलात तर बारा मिनिटांत खाली गुजरातचं नडियाद, आणि अर्ध्या तासात अरबी समुद्र. पुणं येतच नाही! आणि परत यायचं कसं, ते मेसेजमध्ये नाहीच. हवा पृथ्वीबरोबरच फिरते हो, आणि विमान हवेतून चालतं. फरक पडतो तो वाऱ्याने, आणि तोही उलटा: दिल्लीहून लंडनला, म्हणजे पश्चिमेला जाताना, येण्यापेक्षा जास्त वेळ लागतो, कारण वरचे जोराचे वारे समोरून येतात.

फेऱ्या मारून कमाई? इंधन हा एअरलाईनच्या सगळ्यात मोठ्या खर्चांपैकी एक, आणि भाडं आधीच घेतलेलं. जाळून मिळणार काय?

बरं, एक मान्य करावं लागेल. वेळापत्रकात थोडी हवा, म्हणजे जास्तीची वेळ, भरलेली असते, कारण विमान कंपन्यांवर नजर ठेवणारं सरकारी खातं डीजीसीए 15 मिनिटांपर्यंतचा उशीर वेळेवरच धरतं आणि प्रत्येकाला आपला आकडा छान दिसायला हवा असतो. म्हणून कधीकधी आपण वीस मिनिटं आधी उतरतो. पण ती हवा दहा-वीस मिनिटांची, चाळीसची नाही.

आणि मावशी, तुझ्यासाठी मुख्य गोष्ट: सामान द्यायचं काउंटर सुटायच्या तासभर आधी बंद होतं, गेट साधारण 25 मिनिटं आधी. फ्लाइट अर्ध्या तासाची असो की चार तासांची, हे बदलत नाही. अर्धा तास आधी पोचलीस तर तुझी बॅग कोणी घेणार नाही. गाडी मी सांगून ठेवतो, दोन तास आधी तिथे हवं.